रेकॉर्ड बदललं की जुनी फाइल आपोआप काढणं: काम कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे फसतं

वापरकर्त्याने प्रोफाइलचा फोटो बदलला. डेटाबेसमध्ये नवा पाथ (फाइलचा पत्ता) आला, स्क्रीनवर नवा फोटो दिसू लागला, आणि जुना बकेटमध्ये (क्लाउडवरच्या फाइलींच्या साठ्यात) तसाच पडून राहिला. काही महिन्यांनी स्टोरेजचं बिल पाहून कोणीतरी विचारतं, "एवढ्या फाइली आहेत तरी कोणाच्या?" मग घाईघाईत चार ओळींचं फंक्शन लिहिलं जातं: रेकॉर्ड बदललं की जुनी फाइल डिलीट. चाचणीत ते झकास चालतं. चालू अ‍ॅपमध्ये मात्र थोड्याच दिवसांत तक्रार येते की जुना फोटो राहू दे, नवाच गायब झाला आहे.

खालची पद्धत मी गुगलचं फायरस्टोअर (डेटाबेस), क्लाउड स्टोरेज (फाइलींचा साठा) आणि क्लाउड फंक्शन्स (काही घडलं की आपोआप चालणारा कोड) हे त्रिकूट धरून लिहिली आहे, कारण या चुका तिथे सर्वांत जास्त दिसतात. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल (एसक्यूएल डेटाबेस) किंवा एस३ (अ‍ॅमेझॉनचा फाइलसाठा) वापरत असाल तर क्रम तोच ठेवा. जिथे वागणूक वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करा. डेटाबेस आणि बकेट या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि दोन्हींना बांधणारं एकच ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतील, नाहीतर एकही नाही, असा गट) नसतं. त्यामुळे मध्येच काहीतरी तुटणार, हे गृहीतच धरायचं. तुटल्यावर हाती काय उरावं, एवढंच आपल्याला ठरवता येतं. फाइल उरली तर थोडे पैसे जातात. रेकॉर्ड आहे पण फाइल नाही, असं झालं तर वापरकर्त्याचा कागद कायमचा जातो. म्हणून काढताना रेकॉर्ड आधी आणि फाइल सर्वांत शेवटी. पुढचे सगळे निर्णय यातूनच निघतात.

## टप्पा १: कोणत्या बदलाला फाइल जाते, ते आधी लिहून काढा

कोड उघडू नका. ज्या ज्या कलेक्शनमध्ये (रेकॉर्डच्या गटात) फाइलचा पाथ आहे त्याची यादी करा आणि प्रत्येकासाठी या प्रश्नांची उत्तरं लिहा:

1. अख्खं रेकॉर्ड डिलीट झालं तर?
2. पाथ बदलला तर?
3. पाथचं फील्ड रिकामं केलं किंवा काढूनच टाकलं तर?
4. रेकॉर्ड तसंच आहे, फक्त "हटवलेलं" अशी खूण लागली तर?
5. पाथची यादी आहे आणि त्यातला एकच पाथ गेला तर?

बहुतेक जण पहिल्या प्रश्नावरच थांबतात. प्रत्यक्षात सर्वांत जास्त कचरा दुसऱ्या आणि पाचव्या प्रकारातून साठतो. चौथा प्रकार सर्वांत फसवा. तुमच्या अ‍ॅपमध्ये "परत आणा" असं बटण असेल, तर खूण लागताच फाइल उडवणं म्हणजे ते बटण खोटं ठरवणं. तिथे फाइल तेव्हाच काढा, जेव्हा परत आणण्याची मुदत संपते.

फायरस्टोअरमध्ये आणखी एक खाचखळगा आहे. वरचं डॉक्युमेंट (फायरस्टोअरमधलं रेकॉर्ड) डिलीट केलं तरी त्याच्या खालची सबकलेक्शन्स आपोआप जात नाहीत, आणि ती गेली नाहीत म्हणजे त्यांचे ट्रिगरही (बदल झाला की कोड चालवणारी सोय) चालत नाहीत. ऑर्डर उडवली, पण तिच्या खालच्या जोडपत्रांची डॉक्युमेंट्स आणि फाइली दोन्ही जिवंत, हे नेहमीचं दृश्य आहे. अशा वेळी खालची डॉक्युमेंट्स अ‍ॅडमिन एसडीकेमधून (सर्व्हरवर पूर्ण अधिकाराने चालणाऱ्या लायब्ररीतून) रिकर्सिव्ह पद्धतीने, म्हणजे आतल्या सगळ्या थरांसकट, काढा, म्हणजे प्रत्येकाचा ट्रिगर चालेल.

तपासा: यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे "लगेच", "मुदतीनंतर" किंवा "कधीच नाही" यांपैकी एक शब्द लिहिलेला आहे ना? रिकामी जागा असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: रेकॉर्डमध्ये लिंक नको, पाथ ठेवा, आणि नाव दर वेळी नवं

अपलोड झाल्यावर मिळणारी डाउनलोड लिंक तशीच्या तशी रेकॉर्डमध्ये टाकायची, ही सवय फार पसरलेली आहे. त्या लिंकमध्ये टोकन असतं, पाथमधले स्लॅश एन्कोड केलेले असतात आणि टोकन बदललं की लिंकही बदलते. मग डिलीट करताना लोक ती लिंक कापून, उलगडून पाथ काढत बसतात. फाइलच्या नावात एखादी मोकळी जागा किंवा अधिकचं चिन्ह आलं की ही कापाकापी चुकते. दाखवण्यासाठी लिंक हवी तर ठेवा, पण शेजारी पाथ आणि बकेटचं नाव स्वतंत्र फील्डमध्ये असलंच पाहिजे. जुन्या रेकॉर्डमध्ये फक्त लिंका असतील तर ट्रिगर लावण्याआधी एकदाच स्क्रिप्ट चालवून पाथ भरून घ्या.

आता नावाबद्दल. प्रत्येक वापरकर्त्याचा फोटो "प्रोफाइल.जेपीजी" याच नावाने ठेवला की जुनी फाइल आपोआप पुसली जाते, मग डिलीटची भानगडच नको, असं वाटतं. नेमकी तिथेच नवी फाइल गायब होते. घटनाक्रम पाहा:

- १०:००:०० वापरकर्त्याने "फोटो काढा" दाबलं. पाथचं फील्ड रिकामं झालं आणि इव्हेंट (बदलाची सूचना) निघाला.
- १०:००:०३ त्याने लगेच दुसरा फोटो टाकला. तोही त्याच पाथवर जाऊन बसला.
- १०:००:०५ पहिल्या इव्हेंटचं फंक्शन आत्ता कुठे जागं झालं. त्याच्या दृष्टीने "जुना पाथ होता, आता नाही". त्याने त्या पाथवरची फाइल उडवली.

फंक्शनने सांगितलेलं काम चोख केलं. उडाली मात्र नवी फाइल. प्रत्येक अपलोडला यादृच्छिक, कधीही पुन्हा न वापरलेलं नाव दिलं तर हा घोळ मुळातच होत नाही, कारण जुन्या पाथवर नवी फाइल येऊच शकत नाही. नाव तेच ठेवणं अगदी अपरिहार्य असेल, तर अपलोडच्या वेळी क्लाउड स्टोरेजने दिलेला जनरेशन क्रमांक (त्याच नावावर नवी फाइल आली की बदलणारा) रेकॉर्डमध्ये साठवा आणि "हाच क्रमांक असेल तरच डिलीट कर" अशी अट घाला. क्रमांक जुळला नाही तर विनंती ४१२ या त्रुटीने परत येते आणि फाइल वाचते.

नव्या नावाचा दुसरा फायदा कॅशेचा, म्हणजे पटकन दाखवायला जपून ठेवलेल्या प्रतीचा. सार्वजनिक वाचनासाठी खुल्या फाइलींना, तुम्ही काही सांगितलं नसेल तर, क्लाउड स्टोरेज ३६०० सेकंदांची कॅशे मुदत लावतं. नाव तेच असेल तर फोटो बदलूनही तासभर जुनाच दिसत राहतो आणि तक्रार तुमच्याकडे येते.

## टप्पा ३: डिलीटचा कोड लिहिण्याआधी परत आणण्याची सोय करा

हा टप्पा सगळे "नंतर करू" म्हणून सोडतात. नंतर म्हणजे फाइली गेल्यावर.

क्लाउड स्टोरेजमध्ये सॉफ्ट डिलीटची, म्हणजे काढलेली फाइल काही दिवस जपून ठेवण्याची, सोय आहे. नव्या बकेटवर ती सहसा ७ दिवसांसाठी चालूच असते आणि ९० दिवसांपर्यंत वाढवता येते. तुमच्या बकेटवर काय आहे ते स्वतः सेटिंग उघडून पाहा, कारण खर्च वाचवण्यासाठी कोणीतरी ती शून्यावर नेलेली असू शकते. एस३वर यासाठी व्हर्जनिंग (फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपणं) चालू करावं लागतं. मग साधं डिलीट केलं की फाइल जात नाही, तिच्यावर फक्त डिलीट मार्कर बसतो.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: जपून ठेवलेल्या फाइलीचे पैसे पडतच राहतात. "डिलीट केलं तरी बिल कमी का होत नाही" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. एस३वर जुन्या व्हर्जन ठरावीक दिवसांनी काढणारा लाइफसायकल नियम लावायला विसरू नका, नाहीतर त्या कायमच्या साठत राहतील. आणि वापरकर्त्याला "तुमचा डेटा पुसला" असं सांगत असाल, तर ही मुदत त्या वाक्यात धरा.

परवानग्यांचंही इथेच उरकून घ्या. फंक्शन ज्या सर्व्हिस अकाउंटवर (माणसाऐवजी कोडसाठी असलेल्या खात्यावर) चालतं, त्याला फक्त त्या एका बकेटमधल्या फाइली हाताळण्याचा अधिकार द्या, सगळ्या प्रोजेक्टचा नको.

> सावधान: अ‍ॅडमिन एसडीके सिक्युरिटी रूल्सना (कोणाला काय करता येईल ते ठरवणाऱ्या नियमांना) जुमानत नाही. "रूल्समध्ये डिलीट बंद आहे, म्हणजे काही होणार नाही" हा दिलासा फंक्शनच्या बाबतीत फोल आहे.

तपासा: एक फालतू फाइल टाका, डिलीट करा आणि परत आणून दाखवा. हे स्वतःच्या हाताने एकदा केल्याशिवाय टप्पा ४ सुरू करू नका.

## टप्पा ४: ट्रिगर लिहा

फायरस्टोअरमध्ये डॉक्युमेंट तयार झालं, बदललं, डिलीट झालं किंवा यांपैकी काहीही झालं, असे चार प्रकारचे ट्रिगर आहेत. बदल आणि डिलीट यांसाठी दोन वेगळी फंक्शन्स लिहिण्यापेक्षा मी "काहीही झालं" हा एकच घेतो. तयार होताना जुनं रेकॉर्ड नसतं, डिलीट होताना नवं नसतं, बदलताना दोन्ही असतात. नियम एकाच ठिकाणी राहतो आणि उद्या बदलताना एक जागा विसरत नाही.

फंक्शनच्या आत हाच क्रम ठेवा:

1. जुन्या रेकॉर्डमधून जुना पाथ घ्या. रेकॉर्डच नसेल किंवा पाथ रिकामा असेल तर इथेच थांबा.
2. नव्या रेकॉर्डमधून नवा पाथ घ्या. रेकॉर्ड नसेल तर "काही नाही" असं धरा.
3. दोन्ही पाथ सारखे असतील तर थांबा.
4. जुना पाथ याच रेकॉर्डच्या हद्दीतला आहे का, ते पाहा. नसेल तर लॉगमध्ये नोंद करून थांबा.
5. डेटाबेसमधून रेकॉर्ड या क्षणी पुन्हा वाचा. जुना पाथ आता परत वापरात आला असेल तर थांबा.
6. फाइल डिलीट करा.
7. "फाइल सापडली नाही" असं उत्तर आलं तर ते यश माना. इतर कोणतीही त्रुटी वर फेका.

तिसरी पायरी विसरणं ही सर्वांत महागडी चूक आहे. वापरकर्त्याने फक्त नाव बदललं, पाथला हातही लावला नाही, तरी ट्रिगर चालतोच. तुलना केली नसेल तर चालू फोटो उडतो. "शेवटचं कधी आला होता" अशी वेळ दर मिनिटाला त्याच रेकॉर्डमध्ये लिहिणाऱ्या अ‍ॅपमध्ये ही चूक काय करेल, ते सांगायला नको.

चौथी पायरी सुरक्षेची आहे आणि ती जवळजवळ कोणीच लिहीत नाही. वापरकर्त्याला स्वतःचं रेकॉर्ड बदलता येतं, बरोबर? मग त्याने पाथच्या फील्डमध्ये दुसऱ्या कोणाच्या फाइलचा पाथ लिहिला आणि पुढच्या क्षणी तो बदलला, तर तुमचं फंक्शन सगळे अधिकार वापरून त्या दुसऱ्या माणसाची फाइल इमानदारीने पुसेल. यावर उपाय सोपा आहे. रेकॉर्डचा आयडी इव्हेंटमधूनच मिळतो. पाथची सुरुवात "फोटो / तो आयडी / " अशीच असली पाहिजे, ही अट घाला. फील्डमध्ये काय लिहिलं आहे यावर विसंबू नका.

पाचव्या आणि सातव्या पायरीचं कारण एकच आहे: इव्हेंट किमान एकदा पोहोचेल एवढीच हमी असते. तो दोनदा येऊ शकतो आणि दोन इव्हेंट उलट क्रमानेही येऊ शकतात. दुसऱ्यांदा आलेल्या इव्हेंटला फाइल सापडणार नाही. क्लाउड स्टोरेज तेव्हा ४०४ देतं, ज्याला त्रुटी समजून फंक्शन कोसळतं आणि लॉग लाल होतो. नोडच्या (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टच्या) लायब्ररीत "सापडलं नाही तर दुर्लक्ष कर" असा पर्यायच आहे, तो वापरा. एस३ उलट टोकाला आहे. नसलेली फाइल डिलीट करायला सांगितली तरी २०४ म्हणजे "झालं" असंच उत्तर देतं. त्यामुळे तिथे पाथ चुकला तरी तुम्हाला कळतच नाही, सगळं हिरवंगार दिसतं आणि बकेट फुगत राहते.

आणखी तीन छोट्या गोष्टी.

डिलीटचं प्रॉमिस (अजून पूर्ण व्हायच्या कामाची पावती) फंक्शनमधून परत करा किंवा ते पूर्ण होईपर्यंत थांबा. ते न करता फंक्शन संपलं, तर मागे राहिलेलं काम कधी होतं, कधी होत नाही. "दहातली सात डिलीट होतात, तीन होत नाहीत" असं कोणी सांगितलं की मी आधी हेच पाहतो.

रीट्राय (फसलं तर पुन्हा प्रयत्न) आपणहून चालू नसतो, तो चालू करावा लागतो. दुसऱ्या पिढीच्या फंक्शन्समध्ये तो २४ तासांपर्यंत प्रयत्न करत राहतो. म्हणून तो चालू करण्याआधी कोडमधली कायमची चूक, म्हणजे चुकलेलं बकेटचं नाव किंवा नसलेली परवानगी, निस्तरून घ्या. नाहीतर तेच अपयश दिवसभर पुन्हा पुन्हा चालत राहील आणि त्याचंही बिल येईल.

फाइल काढल्यावर त्याच डॉक्युमेंटमध्ये "फाइल काढली" असं लिहिण्याचा मोह टाळा. त्या लिहिण्यानेही ट्रिगर चालतो आणि चक्र सुरू होतं. नोंद हवीच असेल तर ती दुसऱ्या कलेक्शनमध्ये करा.

तपासा: पाथ सोडून दुसरं एखादं फील्ड दहा वेळा बदला. बकेटमधून काहीही जाता कामा नये. मगच पाथ बदलून पाहा.

## टप्पा ५: एसक्यूएल असेल तर ट्रिगरमधून थेट डिलीट करू नका

फायरस्टोअरचा इव्हेंट बदल पक्का झाल्यावर येतो. एसक्यूएलचा ट्रिगर ट्रान्झॅक्शनच्या आत चालतो, आणि नेमका इथेच घात होतो. आतून स्टोरेजला हाक मारली, फाइल गेली, आणि पुढच्या ओळीत काहीतरी बिघडून ट्रान्झॅक्शन मागे फिरलं. रेकॉर्ड परत आलं. फाइल कशी परत येणार?

इथे रांगेचं टेबल हवं. ट्रिगरने फक्त "हा पाथ काढायचा आहे" अशी ओळ त्या टेबलमध्ये टाकायची. ती ओळ त्याच ट्रान्झॅक्शनचा भाग असल्यामुळे बदल मागे फिरला तर ओळही मागे फिरते. प्रत्यक्ष डिलीटचं काम वेगळा वर्कर (मागे चालत राहणारा प्रोग्रॅम) करतो: ओळ उचल, पाथ अजून कोणी वापरत नाही ना ते पाहा, फाइल काढ, आणि मगच ओळ पूर्ण झाल्याची खूण कर. पोस्टग्रेसमध्ये एकाहून जास्त वर्कर असतील तर ओळी उचलताना "कुलूप लागलेल्या ओळी वगळ" हा पर्याय वापरा. तो ९.५ आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

कोणते बदल ट्रिगरला चकवतात ते माहीत असू द्या:

- पोस्टग्रेसमध्ये टेबल ट्रंकेट केलं, म्हणजे एका झटक्यात रिकामं केलं, की ओळीनिहाय डिलीटचे ट्रिगर चालत नाहीत.
- मायएसक्यूएल ८ मध्ये फॉरेन की कॅस्केडने (मूळ ओळ गेली म्हणून तिला जोडलेल्या ओळीही आपोआप जाणं) गेलेल्या ओळींचे ट्रिगर चालत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये चालतात. एकीकडचा कोड दुसरीकडे नेताना हे हमखास विसरलं जातं.
- जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये सिग्नलवर (सेव्ह किंवा डिलीट झाल्याच्या सूचनेवर) भिस्त ठेवली असेल, तर क्वेरीसेटवरच्या (अनेक ओळींच्या संचावरच्या) थेट अपडेटने सेव्हचे सिग्नल येत नाहीत. फाइल फील्ड असलेलं रेकॉर्ड डिलीट केलं की फाइलही जाईल, ही समजूत १.३ आवृत्तीपासूनच चुकीची आहे. ते काम तुम्हीच, ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावर चालणाऱ्या कॉलबॅकमधून करायचं.
- सुपाबेसमध्ये (पोस्टग्रेसवर उभी असलेली क्लाउड सेवा) स्टोरेजच्या ऑब्जेक्ट्स टेबलमधली ओळ एसक्यूएलने उडवली, तर फक्त नोंद जाते. खरी फाइल मागे राहते, आणि आता ती यादीतही दिसत नाही. तिथे डिलीट स्टोरेज एपीआयमधूनच करा.

डायनॅमोडीबीवर (अ‍ॅमेझॉनचा डेटाबेस) असाल तर स्ट्रीममध्ये (बदलांच्या नोंदींच्या प्रवाहात) रेकॉर्डची जुनी प्रत मागितली आहे का ते पाहा. फक्त की मागितली असेल तर रेकॉर्ड गेल्यावर जुना पाथ मिळवायला काही मार्गच उरत नाही. स्ट्रीममधली नोंद २४ तासच टिकते, म्हणजे शनिवारी बंद पडलेला वर्कर सोमवारी सुरू केला तर मधल्या फाइली अनाथ झाल्या असं समजा.

रांगेची ही पद्धत फायरस्टोअरमध्येही वापरता येते. शेकड्यांनी वापरकर्ते असलेल्या छोट्या अ‍ॅपला तिची गरज नाही, टप्पा ४ पुरे. पण एकच फाइल दोन-तीन रेकॉर्ड वापरत असतील तर रांग घ्याच. उत्पादनाची "प्रत बनवा" हे बटण दाबलं की बहुतेक अ‍ॅप फक्त पाथ कॉपी करतात, फाइल नाही. मग मूळ उत्पादन उडवलं की प्रतीचा फोटो जातो. रांगेत पाथ एक दिवस थांबवून, काढण्याआधी सगळी रेकॉर्ड्स विचारून पाहणं हा त्यावरचा मला पटलेला उपाय आहे. एक फाइल किती रेकॉर्ड वापरतात तो आकडा मोजत बसणारं फील्ड ठेवण्यापेक्षा हे बरं. तो आकडा कधी ना कधी चुकतोच.

## टप्पा ६: फोल्डर उडवायचं असेल तर शेवटचा स्लॅश

बकेटमध्ये खरं फोल्डर सहसा नसतंच. असतात ती लांबलचक नावं, ज्यांत स्लॅश आहेत. "फोल्डर डिलीट" म्हणजे "या अक्षरांनी सुरू होणारं सगळं डिलीट".

एका कामात मी ग्राहकाचं रेकॉर्ड गेलं की त्याचं फोल्डर काढायचा कोड लिहिला होता. सुरुवातीची अक्षरं दिली होती "ग्राहक/१२". चाचणीत नऊच ग्राहक होते, सगळं बरोबर चाललं. प्रत्यक्षात बाराव्या ग्राहकाने खातं बंद केलं आणि त्याच्याबरोबर १२० ते १२९ आणि बाराशेच्या घरातल्या सगळ्यांची कागदपत्रं गेली, कारण ती नावंही "ग्राहक/१२" नेच सुरू होत होती. व्हर्जनिंग चालू होतं म्हणून वाचलो. तरी एकेक जुनी व्हर्जन परत जागेवर आणायला रात्र गेली. हरवलेलं अक्षर एकच होतं, शेवटचा स्लॅश.

> सावधान: त्याहून वाईट म्हणजे रिकामी अक्षरं. आयडी मिळालाच नाही आणि सुरुवातीचा भाग रिकामा गेला, तर "रिकाम्याने सुरू होणारं सगळं" म्हणजे अख्खी बकेट. समूहाने डिलीट करणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या पहिल्या ओळीत तपासणी हवी: आयडी रिकामा नाही, आणि शेवटी स्लॅश आहे. नसेल तर त्रुटी फेका.

किती फाइली सापडल्या तेही डिलीटच्या आधी मोजा. एका रेकॉर्डच्या कधी पन्नासच्या वर फाइली होत नसतील आणि यादीत चारशे आल्या, तर थांबून माणसाला कळवा. एस३वर एका विनंतीत जास्तीत जास्त १००० नावं देता येतात. त्याहून जास्त असतील तर पुढची पानं मागवत राहावं लागतं, आणि उत्तरात प्रत्येक नावाची त्रुटी वेगळी येते, ती वाचा.

छोट्या आकाराच्या प्रती बनवणारी सोय वापरत असाल तर मूळ फोटोबरोबर त्याही काढायच्या आहेत. त्यांची नावं जुळवत बसण्यापेक्षा मूळ फाइल आणि तिच्या प्रती एकाच अपलोडच्या आयडीखाली ठेवा. मग त्या आयडीचं, स्लॅशसकट, सगळं काढलं की झालं.

## टप्पा ७: आधी नुसतं बोलू द्या, मग करू द्या

एम्युलेटरवर (आपल्याच संगणकावर चालणाऱ्या नकली सेवेवर) फायरस्टोअर, फंक्शन्स आणि स्टोरेज तिन्ही एकत्र चालवता येतात, त्यामुळे खऱ्या बकेटवर प्रयोग करायला काही सबब नाही. तिथे निदान एवढं करून पाहा: पाथ बदला, फील्ड रिकामं करा, रेकॉर्ड उडवा, फाइल आधीच हाताने काढून मग रेकॉर्ड उडवा, पाथमध्ये दुसऱ्याचा आयडी घाला, तोच इव्हेंट दोनदा द्या.

मग खऱ्या जागी फंक्शन चढवा, पण डिलीटच्या ओळीऐवजी लॉगमध्ये "ही फाइल काढली असती" एवढंच लिहू द्या. आठवडाभर तसंच ठेवा. लॉगमधले वीस-तीस पाथ उचलून हाताने पडताळा: हे खरंच कोणी वापरत नाही ना? मला या आठवड्यात दर वेळी काहीतरी सापडलं आहे. बहुधा कोणाला आठवत नसलेली एखादी जुनी स्क्रीन, जी रेकॉर्ड न वाचता पाथ थेट वापरते.

## टप्पा ८: आधीपासून साठलेला कचरा

ट्रिगर लावल्याने पुढचा कचरा थांबतो. मागचा तसाच राहतो, आणि ट्रिगरच्या हातून निसटलेल्या चार-दोन फाइलीही असतातच. त्यासाठी महिन्यातून एकदा जुळणी करणारी स्क्रिप्ट हवी: बकेटमधल्या नावांची यादी, रेकॉर्डमधल्या पाथची यादी, आणि पहिलीत असून दुसरीत नसलेल्या त्या अनाथ.

क्रम इथेही महत्त्वाचा. आधी बकेटची यादी घ्या, मग डेटाबेसची. उलट केलं तर दोन्हींच्या मध्ये अपलोड झालेली ताजी फाइल बकेटच्या यादीत येते, पण तिचं रेकॉर्ड आधीच वाचून झालेल्या यादीत नसतं. ती अनाथ ठरते आणि जाते. शिवाय बहुतेक अ‍ॅप आधी फाइल चढवतात आणि मग रेकॉर्ड लिहितात, म्हणून २४ तासांपेक्षा नव्या फाइलींना या स्क्रिप्टने हातच लावायचा नाही.

अनाथ ठरलेल्या फाइली थेट उडवू नका. वेगळ्या बकेटमध्ये हलवा, तिला ३० दिवसांनी फाइल काढणारा लाइफसायकल नियम लावा. या काळात कोणी ओरडलं तर फाइल परत नेता येते.

तपासा: अनाथांची संख्या एकूण फाइलींच्या निम्म्याहून जास्त निघाली, तर कचऱ्याच्या आधी स्क्रिप्टवर संशय घ्या. डेटाबेसचं फक्त पहिलं पान वाचलं गेलं असेल, किंवा एका बाजूच्या पाथला सुरुवातीला स्लॅश आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही.